तीन बोटांची 'माणसं' आणि आपली जबाबदारी

१२ सप्टेंबर २०२३ रोजी मेक्सिकोच्या संसदेत दोन पेट्या उघडल्या गेल्या. आत हाताला तीनच बोटं असलेल्या, सुकलेल्या, पांढुरक्या अशा दोन छोट्या आकृत्या होत्या. या पेरूमधल्या नाझकाजवळ सापडल्या आणि त्यांचं पृथ्वीवरच्या जीवांशी नातं नाही, असं पत्रकार हाइमे मौसान यांनी शपथेवर सांगितलं. त्या सादरीकरणाची चित्रफीत आपल्याकडच्या फोनांवरही फिरली, अजून फिरते. ती पुढे पाठवणाऱ्यांशी माझं भांडण परग्रहावर जीव आहे की नाही यावरून नाही. असेलही. भांडण मृतांना आपण कसं वागवतो यावरून आहे.

१. पहिला प्रश्न पोलिसी असावा: हे कुणी, कुठून, कुणाच्या परवानगीनं उचललं? पुरातत्त्वात हाडाइतकीच त्याच्या भोवतालची माती, कापड, शेजारची भांडी महत्त्वाची असतात. थडगं चोरून उकरलं की हा पुरावा कायमचा गेला. पेरूच्या तेव्हाच्या सांस्कृतिक मंत्री लेस्ली उर्तेआगा यांनीही नेमकं हेच विचारलं, की या वस्तू देशाबाहेर गेल्याच कशा. त्याचं उत्तर मिळेपर्यंत पुढची चर्चा कशाला करायची?

२. 'कार्बन चाचणीत हजार वर्षं निघाली' या वाक्यानं दबून जाऊ नये. चाचणी दिलेल्या तुकड्याचं वय सांगते, जोडकामाचं नाही. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठानं लगेच स्पष्ट केलं, की आम्ही फक्त नमुन्याचं वय काढलं, तो कुणाचा याबद्दल काही म्हटलेलं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये लिमा विमानतळावर मेक्सिकोला निघालेलं एक पार्सल पकडलं गेलं, त्यात अशाच दोन बाहुल्या होत्या. (संसदेतल्या त्या या नव्हेत, पण त्याच जातीच्या.) पुढच्या जानेवारीत न्यायवैद्यक पुरातत्त्वज्ञ फ्लाविओ एस्त्रादा यांनी त्यांचा निकाल सांगितला: प्राण्यांची हाडं, आजच्या काळातल्या कृत्रिम गोंदानं चिकटवलेली. सोबत तपासलेला तीन बोटांचा हात मात्र माणसांच्या हाडांतून जुळवलेला होता. जुनं हाड, नवा गोंद. वय कशाचं मोजणार?

३. डीएनएतला, कोणत्याही ज्ञात जीवाशी न जुळणारा 'अनोळखी' टक्का हाही पुरावा नव्हे. जुना डीएनए तुटलेला असतो, त्यात जिवाणूंची भेसळ असते. जुळत नाही तो भाग परग्रहाचा ठरत नाही.

४. हा मुद्दा माझ्या लेखी सर्वांत गंभीर. २००३ मध्ये चिलीच्या अताकामा वाळवंटात, ला नोरिया या ओस पडलेल्या नायट्रेटच्या गावाजवळ कापडात गुंडाळलेला सुमारे सहा इंची सांगाडा सापडला. तो विकला गेला, स्पेनमधल्या एका संग्राहकाकडे पोचला, आणि २०१३ मध्ये 'सिरियस' या माहितीपटात संभाव्य परग्रहवासी म्हणून झळकला. २०१८ च्या जनुकीय अभ्यासात ती माणसाची मुलगी निघाली, तिथल्याच वंशाची, आणि अवशेष जेमतेम चाळीसेक वर्षांपूर्वीचा. म्हणजे प्राचीनसुद्धा नाही. त्या अभ्यासानं तिच्या हाडांत विकृती पाहिल्या. सिअन हॅलक्रो आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी तेही खोडून काढलं. बरगड्यांच्या बाराऐवजी दहाच जोड्या? साधारण पंधरा आठवड्यांच्या गर्भात शेवटच्या जोड्या अजून धड दिसत नाहीत. लांबट डोकं? तेही अशा गर्भात नवलाचं नाही. चिलीतल्या शास्त्रज्ञांचा राग समजण्यासारखा होता: कुणीतरी मायेनं कापडात गुंडाळून पुरलेलं मूल, ज्याची आई कदाचित हयात असेल, ते उकरून नेलं आणि त्यावर सिनेमा काढला. परदेशी प्रयोगशाळेनं परवानगीची विचारपूस न करता काम केलं, ही तक्रारही त्यांनी केली. म्हणजे शंकेखोर शास्त्रज्ञांनाही पहिला मुद्दा लागू आहे.

५. हा 'परग्रही' मान बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या पूर्वजांच्या वाट्याला येतो. पेरूतल्या पाराकासची लांबट डोकी तान्ह्या बाळांची डोकी बांधून घडवलेली आहेत. आपल्याकडे हेच वेरूळच्या कैलास लेण्याबाबत चालतं. राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळातलं हे काम. भिंतींवर छिन्नीच्या खुणा आहेत. नवव्या शतकाच्या आरंभीच्या बडोदा ताम्रपटात तर घडवणारा कारागीरच 'हे माझ्या हातून कसं झालं' म्हणून चकित झाल्याचं वर्णन आहे. त्या माणसाचं श्रेय उडत्या तबकडीला देणाऱ्या चित्रफिती आपणच लाखोंनी पाहतो.

६. संपादकांकडे मागणी साधी आहे. असा अवशेष छापताना सापडल्याचं ठिकाण, उत्खननाचा परवाना आणि मूळ प्रयोगशाळेचा अहवाल यांतलं काय उपलब्ध आहे, हे बातमीतच लिहा. मथळ्यात प्रश्नचिन्ह टाकून सुटका करून घेऊ नका. आणि मौसान यांच्या पेट्यांना जेवढी जागा दिलीत, तेवढीच एस्त्रादा यांच्या गोंदालाही द्या.