नाण्यावर कोण आहे आणि नाण्यात किती आहे?

आमच्या वस्तीतल्या भाजीवाल्या मावशींची दहा-दहाची नाणी घाऊक बाजारातल्या एका व्यापाऱ्याने परत केली. "ही चालत नाहीत, डिझाइन वेगळं आहे." त्या मूठभर नाण्यांत एक बाबासाहेबांचेही होते, १२५व्या जयंतीनिमित्त ६ डिसेंबर २०१५ रोजी काढलेले. आमच्यापैकी अनेकांनी ते नाणे घरी जपून ठेवले आहे. बाजारात मात्र ते नकली ठरले!

सरकारे नाण्यांचे डिझाइन का बदलतात, हा प्रश्न म्हणून आम्हाला पोटाचा वाटतो.

पहिले कारण सत्ता. ईस्ट इंडिया कंपनी राज्य करत होती, तरी तिच्या रुपयांवर कितीतरी वर्षे मुघल बादशहाचे नाव होते. १८३५मध्ये तिने विल्यम राजाचा चेहरा आणला, आणि मालक कोण ते निरक्षर माणसालाही कळले. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान लागू झाले, तेव्हाही आपल्या खिशात इंग्रज राजाच खुळखुळत होता. १५ ऑगस्ट १९५०ला नवी नाणी आली. राजा गेला आणि सम्राट अशोकाचे सारनाथचे सिंह आले. ज्या बुद्धाच्या धम्माला या देशातून हद्दपार केले गेले, त्या धम्माच्या राजाची खूण रोजच्या व्यवहारात परतली. हे आम्ही क्षुल्लक मानत नाही.

दुसरे कारण धातू. नाण्यातला धातू नाण्याच्या किमतीपेक्षा महाग झाला की लोक ते वितळवून विकतात. म्हणून चांदीनंतर निकेल, निकेलनंतर ॲल्युमिनियम, मग स्टेनलेस स्टील. ३० जून २०११ला तर पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी बादच झाली. महागाई त्यांना आधीच खाऊन बसली होती.

इथे बाबासाहेबांचे बोट धरावे लागते. १९२३च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात त्यांचा प्रश्न नाण्यावर कोण आहे हा नव्हताच. रुपयाची खरेदीची ताकद कोण ठरवतो आणि ती घसरली की कोण मरतो, हा होता. भाव आधी वाढतात, मजुरी मागून रखडत येते, आणि मधला फरक मजुराच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो. म्हणून हवे तितके रुपये पाडण्याची सरकारची मोकळीक त्यांना मान्य नव्हती. आपले तरुण हा ग्रंथ वाचतात किती आणि त्याच्या मुखपृष्ठाचे स्टेटस ठेवतात किती, हे आपणच आपल्याला विचारावे.

तिसरे कारण स्मारकाचे. १९९०मध्ये बाबासाहेबांचा एक रुपया निघाला, २०१५मध्ये दहाचे नाणे आणि १२५ रुपयांचे संग्राह्य नाणे. सन्मान हवाच, तो उपकार नव्हे. पण नाणे काढून शिष्यवृत्ती रखडवणाऱ्यांचा हिशेब या नाण्याने चुकता होत नाही.

आणि या सगळ्या बदलांची किंमत कोण मोजतो? जानेवारी २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की दहाच्या नाण्याची चौदा डिझाइन आहेत आणि सगळी वैध आहेत. तोवर दहा रेघांचे खरे, पंधरा रेघांचे खोटे, ही अफवा गावोगाव पोहोचली होती. ज्याचा व्यवहार कार्डावर चालतो त्याला याची झळ नाही. दिवसाची कमाई सुट्ट्या नाण्यांत मोजणाऱ्याला आहे. एक आणि दोन रुपयांची सारखी दिसणारी नाणी चाचपणाऱ्या अंध माणसाला आहे. अंधांना सोपी जावीत म्हणून वेगळी मालिका २०१९मध्ये आली, इतक्या उशिरा!

नाणे कायदा २०११नुसार एक रुपया व त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी वैध चलन आहेत. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे रिझर्व्ह बँकेच्या पत्रकाची प्रत घेऊन मावशींबरोबर त्या व्यापाऱ्याकडे गेलो. त्याने प्रत दोनदा वाचली, नाणी मोजून गल्ल्यात टाकली आणि मावशींना कोथिंबिरीच्या जुड्या दिल्या. बाबासाहेबांचे नाणेही त्याच गल्ल्यात गेले.