रस्ता हवा, पण पाण्याची वाट?

वर्सोवा ते भाईंदर हा सुमारे २६ किलोमीटरचा नियोजित किनारी मार्ग मालाड, चारकोप, गोराईकडील खाजणांतून जाणार आहे. तिवरांचा नाश हा जगण्याच्या हक्काचा भंग, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली ठरविले. सार्वजनिक हिताचा अपवाद मात्र त्याच निकालात होता. त्याच आधारे डिसेंबर २०२५ मध्ये महापालिकेला सुमारे ४५ हजार तिवरे तोडण्याची अनुमती मिळाली. बदल्यात तिप्पट लागवड व्हावयाची आहे. परंतु अन्यत्र लावलेली रोपे चारकोपच्या वस्तीत शिरणारे भरतीचे पाणी कसे अडविणार? २६ जुलै २००५ चा पूर उपनगरे विसरलेली नाहीत. लिंक रोडवरील कोंडी खरीच; पण रस्त्यामागोमाग खाजणालगतच्या जमिनींचे भावही चढतात, हे कोणाला सांगावयास हवे? लागवडीचा वार्षिक अहवाल दहा वर्षे न्यायालयास सादर व्हावयाचा आहे. तो आपल्या धर्मग्रामांतील जाणत्यांनीही मागवून वाचावा.