नातवाचा डबा आणि आपलं रान

आज डाळिंबाच्या बहारावर लिहिणार होतो, ते पुढच्या वेळेला. आज घरातलं एक सांगतो, कारण हे घरोघरी चाललंय.

माझा नातू जूनमध्ये तीन वर्षांचा झाला. त्याच महिन्यात अंगणवाडीत वजन केलं तर काटा अकरा किलोवर थांबला. ताईंनी तक्ता दाखवला, आमचं लेकरू पिवळ्या पट्ट्यात. मंगळवेढ्याकडची काळी जमीन आमची, घरात ज्वारीची कणगी भरलेली, दावणीला दोन म्हशी, आणि घरातलं पोरगं कमी वजनाचं. लाज वाटली राव.

घरी आल्यावर सगळ्यांनी सुनेला धरलं. "तू भरवत नाहीस, तुला येत नाही." मीही बोललो. ती बिचारी गप्प. नर्सरीत दिलेला डबा रोज तसाच परत यायचा. भात नको, भाजी नको, चपातीचा एक घास. म्हणून म्हणायचं, पोरगं खाण्याला लई नखरेल आहे.

मग ताईंनी एक काम सांगितलं. तीन दिवस लेकराच्या तोंडात काय काय जातं ते वहीत लिहा. मी फवारणीची वही ठेवतोच, त्यातच एक पान काढलं. सकाळी उठल्यावर चहात बुडवून चार बिस्किटं. नऊ वाजता दुकानातली पाच रुपयांची पुडी. दुपारी रडला की पुन्हा बिस्किट. संध्याकाळी आजोबा बाजारातून आले की दुसरी पुडी. रात्री जेवायच्या आधी दोन पेले दूध. आता ह्यात भूक लागायला जागा कुठं राहिली? आणि पुड्या आणत होतं कोण, तर मीच. सुनेला बोलणारा मी, आणि दोष माझ्या खिशात.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. बऱ्याच घरातली लेकरं नखरेल नाहीत, जेवायच्या वेळेला त्यांचं पोट भरलेलं असतं. ते भरायचं काम आपण मोठी माणसंच करतो, लाडानं.

रोपाचं कसं असतं बघा. नव्या रोपाला आपण एकदम पाट सोडत नाही, थोडं थोडं आणि वेळेवर पाणी देतो. लेकराचं पोटही लहान. तीन वेळा जेवण आणि मधे दोनदा थोडं खाणं, एवढं पुरतं. मधल्या वेळात फक्त पाणी. चहा बंद केला, कारण चहामुळं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. दूध दिवसाला दोन पेले, तेही जेवणानंतर. नवीन पदार्थ पहिल्यांदा थुंकला तर सोडून द्यायचा नाही. एक घासच ठेवायचा, पण आठ-दहा वेळा ठेवायचा. जबरदस्ती नाही, मोबाईल नाही, आपल्या ताटाशेजारी त्याचं ताट.

पहिले पाच दिवस घर डोक्यावर घेतलं त्यानं. आमची मालकीण दोनदा पुडी आणायला निघाली होती. सहाव्या दिवशी भाकरीला हात घातला.

आता आमच्याकडं डब्यात काय जातं ते सांगतो. सगळं सुनेनं बसवलंय, श्रेय तिचं.

मुगाचं धिरडं, त्यात किसलेलं गाजर आणि बारीक चिरलेली मेथी, गुंडाळी करून, हातात धरता येईल असं. बिनतिखटाचं छोटं धपाटं, सोबत घट्ट दही. शेंगदाण्याचा बारीक कूट आणि गुळाचा लाडू, लिंबाएवढा. उकडलेल्या अंड्याचे चार तुकडे. कडक भाकरीचे तुकडे तर पुडीसारखे कुडूमकुडूम वाजतात म्हणून लगेच आवडले. घरी असला की ताकातल्या ज्वारीच्या कण्या, नाहीतर दूध-गुळात कुस्करलेली भाकरी. डबा लहानच भरायचा. संपला की त्यालाच मोठेपणा वाटतो.

एक लक्षात ठेवा, अख्खे शेंगदाणे, फुटाणे पाच वर्षांच्या आतल्या लेकराला देऊ नका, घशात अडकतात.

पैशाचंही बघा. दोन पुड्या म्हणजे दिवसाला दहा रुपये, महिन्याला तीनशे. तेवढ्यात चाळीसेक अंडी येतात.

आता रानाकडं येतो. माझ्या वडिलांच्या वेळेला बाजरीत तूर, मटकी, हुलगा असायचाच. ज्वारीत करडईच्या ओळी, कडेला हरभरा. ताटात आपोआप पाच जिन्नस यायचे. पाणी आलं तसा मी ऊस लावला, डाळिंब लावलं. पैसा आला, खोटं कशाला बोलू? पण मूग, मटकी, शेंगा किराणा दुकानातून यायला लागल्या, आणि तिथंच काउंटरवर पुड्यांच्या माळा लटकत होत्या.

ऊस मोडा असं मी म्हणत नाही. दोन गुंठे घरच्या ताटासाठी ठेवा एवढंच म्हणतो. मूग, मटकी, भुईमूग, गाजर, मेथी, बांधावर दोन शेवगे. खरिपात थोडी धनशक्ती बाजरी. राहुरी विद्यापीठ आणि इक्रिसॅटनं मिळून काढलेलं, २०१२ साली आपल्याकडं आलेलं हे जास्त लोहाचं वाण आहे. पीठ मात्र आठ दिवसांपुरतंच दळा, बाजरीचं पीठ लवकर कडू होतं. आणि त्या दोन गुंठ्यांत फवारायची वेळ आलीच तर डब्यावर लिहिलेले काढणीआधीचे दिवस पाळा. व्यापाऱ्याच्या मालाला आपण पाळतो, घरच्या मेथीला पाळत नाही.

सहायक कृषी अधिकारी आणि विद्यापीठातल्या साहेबांना विनंती. प्लॉटवर येता तेव्हा एकरी उतारा विचारता, तसं ह्या घरात काय शिजतं हेही एकदा विचारा.

ऑक्टोबरमध्ये वजन केलं, बारा किलो भरलं. हिरव्या पट्ट्यात नुसता पाय टाकलाय, अजून लांब जायचंय. तुमच्या लेकराचं वजन लाल पट्ट्यात असेल, किंवा सारखं घटत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

बाजारातून आलो की नातू अजून खिसा चाचपतो. आता त्यात कधी पेरू निघतो, कधी चिक्कू. तोंड वाकडं करतो, पण खातो.