विमानात बसण्याआधी

२०२१च्या मे अखेरीस घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात परदेशी विद्यापीठांची प्रवेशपत्रं घेऊन विद्यार्थी लसीसाठी आले. पालिकेने कूपर आणि कस्तुरबातही त्यांची सोय केली होती. कोविशील्डच्या दोन मात्रांमध्ये ८४ दिवस थांबणं अनेकांना शक्य नव्हतं. जूनमध्ये केंद्राने त्यांच्यासाठी हे अंतर २८ दिवसांवर आणलं आणि प्रमाणपत्रावर पासपोर्ट क्रमांक नोंदवायला सांगितलं. तरीही ब्रिटनने भारतीय प्रमाणपत्र मान्य केलं ते ११ ऑक्टोबरला!

साथीतला प्रवास असा कागदावरही अडतो.

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत आज कितीतरी घरांतली मुलं परदेशात आहेत. आजी-आजोबा नातवंडांसाठी सहारहून विमान पकडतात. म्हणून हा अंक आम्ही मास्क आणि सॅनिटायझरवर थांबवलेला नाही. आरोग्य विम्यातल्या अटी, नेहमीच्या औषधांची चिठ्ठी, विलगीकरणात अडकल्यास लागणारा खर्च यांवर इथे सविस्तर लेख आहेत. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, हेही अनेकांना ऐन वेळी कळतं.

साथीच्या काळात तुमच्या घरातलं कुणी परदेशी गेलं किंवा तिथे अडकलं असेल, तर काय उपयोगी पडलं ते आम्हाला जरूर लिहा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.