भंडाऱ्याचा उन्हाळा आणि ओव्हरक्लॉकिंग

"प्रोसेसर ओव्हरक्लॉक करू का?" हा प्रश्न मला बहुतेक वेळा परीक्षा संपल्यावर विचारला जातो. म्हणजे ऐन एप्रिल-मे महिन्यात! आणि आपल्या भंडारा जिल्ह्यात नेमकी हीच वेळ सगळ्यात चुकीची. का, ते सांगतो. पण आधी थोडी बाराखडी.

प्रोसेसरचा वेग हा साधा गुणाकार असतो: मूळ घड्याळ गुणिले मल्टिप्लायर. आजच्या बहुतेक संगणकांत मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्झचं. मल्टिप्लायर ४० असेल तर झाले ४ गिगाहर्ट्झ. यातला एखादा आकडा कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वर नेणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. बस्स, जादू वगैरे काही नाही.

या छंदाचा सुवर्णकाळ म्हणजे १९९८ सालचा इंटेलचा सेलेरॉन ३००ए. मल्टिप्लायर ४.५, घड्याळ ६६चं. ते १०० वर नेलं की ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर ४५० वर पळायचा. फुकटात दीडपट! आता तशी मजा उरली नाही. इंटेलचे बहुतेक प्रोसेसर मल्टिप्लायरला कुलूप लावूनच येतात. ज्यांच्या नावात 'के' आहे त्यांचं तेवढं उघडं, आणि त्यालाही तसाच मदरबोर्ड लागतो. शिवाय २००८ पासून टर्बो आला. प्रोसेसर स्वतःच, जमेल तेवढा, वर पळतो. म्हणजे आपल्यासाठी शिल्लक राहतं ते थोडकंच.

आता मुख्य गोष्ट. वेग वाढवला की प्रोसेसर डळमळतो, म्हणून व्होल्टेज वाढवावं लागतं. आणि उष्णता वाढते ती वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. दोन्ही १० टक्के वाढवा: १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे सुमारे १.३३. कामाचा वेग फार तर १० टक्के जास्त, उष्णता ३३ टक्के जास्त. सौदा कसा वाटतो?

आता हाच हिशेब भंडाऱ्यात आणा. पंखा आणि हीटसिंक प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाहीत. खोलीच्या तापमानावर किती चढायचं एवढंच त्यांच्या हाती. समजा पूर्ण भारावर तुमचा प्रोसेसर खोलीपेक्षा ५० अंश वर जातो. डिसेंबरात खोली २० अंश, प्रोसेसर ७०. झकास. नवतप्यात बाहेर पारा ४५च्या आसपास, खोली ४२, प्रोसेसर ९२. त्यात ओव्हरक्लॉकिंगची ३३ टक्के भर घाला, तर ५०चे ६६ होतात आणि बेरीज जाते १०८ वर. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचला की तो जीव वाचवायला आपणहून वेग कमी करतो. म्हणजे दुपारी तुमचा 'वेगवान' संगणक आधीपेक्षा हळू! थंड देशातल्या कुणाचे आकडे बघून आपल्याकडे सेटिंग लावण्यात अर्थ नाही तो यामुळे.

(आणि हो, खसाच्या ताट्यांच्या कूलरसमोर उघडा कॅबिनेट ठेवू नका. दमट हवा, धूळ आणि पाण्याचे थेंब हे मदरबोर्डचे मित्र नव्हेत.)

आपल्या जिल्ह्यात राईस मिल काही कमी नाहीत. मिलवाल्याला विचारा, मशीन प्रमाणाबाहेर पळवली तर काय होतं? भात लवकर निघेल, पण कणी जास्त पडेल. प्रोसेसरचंही तसंच. संगणक बंद पडला तर निदान कळतं तरी. पण कधी तो चालू राहतो आणि गणित चुकवतो, फाईल बिघडवतो. ही कणी डोळ्यांना दिसत नाही. ज्या मशीनवर घरच्या दुकानाचा हिशेब किंवा कॉलेजचा प्रोजेक्ट आहे, तिच्यावर हा जुगार कशाला?

जास्त व्होल्टेज काय करतं हे २०२४ मध्ये जगाने पाहिलं. इंटेलचे १३व्या आणि १४व्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्याने कायमचे खराब होत होते. इंटेलला मायक्रोकोड बदलावा लागला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. त्यांना वॉरंटी तरी मिळाली. ओव्हरक्लॉकिंगच्या नुकसानीला साधारणपणे तीही मिळत नाही.

मग शिकूच नये का? जरूर शिका! संगणक आतून कसा चालतो हे समजायला याच्यासारखा धडा नाही. पण जुनी, बिनकामाची मशीन घ्या, थंडी पडू द्या, एका वेळी एकच आकडा थोडासा बदला, तासभर भार देऊन तापमान बघा, मगच पुढे जा.

आणि रोजच्या मशीनवर, सोय असेल तर, उलटा प्रयोग करा. वेग तोच ठेवून व्होल्टेज हळूहळू कमी करा. १० टक्के कमी झालं तर उष्णता सुमारे १९ टक्के कमी. प्रत्येक प्रोसेसर तेवढं झेपवेलच असं नाही, आणि स्थिरतेची तपासणी इथेही हवीच. पण विदर्भाच्या उन्हाळ्यात खरी कमाई यात आहे. वेगच हवा असेल तर महागड्या कूलरचे पैसे रॅम आणि एसएसडीवर घाला. फरक त्याच दिवशी दिसेल.