व्यवहारचिंतन : आयात मोटारीचा रेडिओ आणि नकाशा

मालाची बीजकातील किंमत आणि तो माल दुकानाच्या फळीवर येईपर्यंत पडणारी किंमत यांतील अंतर व्यापारी घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. वाहतूक, विमा, जकात, हमाली आणि तूट मिळवल्यावाचून आपण विक्रीचा भाव ठरवीत नाही. परंतु स्वतःसाठी परदेशातून आलेली जुनी मोटार घेताना हाच हिशेब पुष्कळदा अर्ध्यावर सुटतो. जहाजाचे भाडे धरले जाते, नोंदणी धरली जाते. मोटारीतील रेडिओ आणि नकाशा नव्या देशात चालतील काय, हा प्रश्न मात्र मोटार दारात उभी राहिल्यावर सुचतो.

भारतात राहणाऱ्यांपुढे हा प्रश्न सहसा येत नाही. तीन वर्षांपेक्षा जुनी मोटार येथे आयात करता येत नाही आणि जकातीचा भारही मोठा आहे. पण आपल्यापैकी अनेकांचे आप्त नैरोबी, मोम्बासा, दार-एस-सलाम किंवा ऑकलंड येथे स्थायिक आहेत, आणि त्या देशांतील रस्त्यांवर जपानहून आलेल्या जुन्या मोटारी विपुल आहेत. याला कारणे आहेत. जपानमध्ये वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डावीकडून चालतात, म्हणून चालकाचे चक्र उजवीकडे असते. तेथे नव्या मोटारीची सक्तीची तपासणी तिसऱ्या वर्षी व त्यानंतर दर दोन वर्षांनी होते. ती खर्चिक असल्याने अनेक लोक चांगल्या स्थितीतील मोटारही विकून टाकतात. केनियात आठ वर्षांहून जुनी मोटार आणता येत नाही, तरीही त्या मर्यादेत बसणारा माल पुरेसा मिळतो.

इंजिन, गिअर, ब्रेक यांना देश नसतो. रेडिओला असतो. जगातील बहुतेक देशांत एफएम प्रसारण ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. भारत, केनिया, न्यूझीलंड यांतच येतात. जपानने मात्र एफएमसाठी ७६ ते ९० हा पट्टा ठेवला, कारण त्यावरील जागा दूरचित्रवाणीच्या पहिल्या तीन वाहिन्यांना दिली होती. जुन्या पद्धतीचे दूरचित्रवाणी प्रसारण २०११-१२ मध्ये बंद झाल्यावर एफएमचा पट्टा ९५ पर्यंत वाढविण्यात आला. म्हणून जपानी बाजारासाठी बनलेला जुना रेडिओ ऑकलंडमध्ये लावला, तर ८८ ते ९० एवढ्या चिंचोळ्या जागेत जे काही सापडेल तेवढेच ऐकू येते. रेडिओ बिघडलेला नसतो; तो दुसऱ्या देशासाठी घडविलेला असतो.

यावर स्वस्तातला उपाय म्हणजे बँड एक्स्पांडर. काड्यापेटीएवढी ही डबी अँटेनाची तार आणि रेडिओ यांच्यामध्ये बसते व येणाऱ्या प्रत्येक लहरीतून ठरावीक आकडा वजा करते. समजा डबी १२ मेगाहर्ट्झची आहे. ऑकलंडमधील राष्ट्रीय आकाशवाणी १०१.४ वर आहे. डबीतून गेल्यावर ती रेडिओच्या तबकडीवर ८९.४ ला सापडते. दिसणाऱ्या आकड्यात १२ मिळवले की खरा आकडा मिळतो.

पण हिशेब येथेच संपत नाही. स्थानिक पट्टा सुमारे वीस मेगाहर्ट्झ रुंदीचा आणि जुन्या जपानी रेडिओचा चौदाचा. वीस मणांचे धान्य चौदा मणांच्या कणगीत मावणार कसे? १२ ची डबी घेतली तर ८८ ते १०२ ऐकू येते आणि त्यावरील केंद्रे गळतात. १८ ची घेतली तर ९४ ते १०८ मिळते आणि खालची गळतात. ९५ पर्यंतचा नवा पट्टा असलेल्या रेडिओत मात्र जवळजवळ सगळी केंद्रे येतात. म्हणून डबी विकत घेण्यापूर्वी घरातील मंडळी कोणती केंद्रे ऐकतात, त्यांचे आकडे कागदावर लिहावेत आणि त्यावरून डबीचा आकडा ठरवावा. या डबीमुळे आवाजात थोडी खरखर वाढू शकते, आणि ८८ ते ९० मधील बलवान स्थानिक केंद्र दुसऱ्या केंद्रावर चढूही शकते, हेही लक्षात ठेवावे.

आजकाल रेडिओ ऐकतो कोण, असे तरुण मंडळी विचारतील. त्यांना फेब्रुवारी २०२३ मधील गॅब्रिएल चक्रीवादळाचे स्मरण द्यावे. न्यूझीलंडच्या हॉक्स बे भागात पुराने वीज गेली, मोबाइलचे मनोरे बंद पडले, आणि बॅटरीवर चालणारा किंवा मोटारीतला रेडिओ हाच अनेकांना बाहेरच्या जगाचा दुवा उरला. अशा प्रसंगी एक गोष्ट पथ्यावर पडते. मध्यम लहरींच्या म्हणजे एएम प्रसारणात केंद्रांमधील अंतर जपान, न्यूझीलंड, केनिया आणि भारत यांत सारखेच, नऊ किलोहर्ट्झचे आहे. त्यामुळे जपानी मोटारीचा एएम रेडिओ कोणत्याही डबीवाचून चालतो. ऑकलंडमध्ये राष्ट्रीय आकाशवाणी एएमवर ७५६ ला मिळते. ज्यांचे आप्त तेथे आहेत त्यांनी हा एक आकडा त्यांना मोटारीतील पहिल्या बटणावर साठवून ठेवायला आवर्जून सांगावे. त्याला खर्च काहीच येत नाही.

नकाशाची गोष्ट याहून अवघड आहे. उपग्रहांचे संकेत साऱ्या पृथ्वीवर पोहोचतात, त्यामुळे आपण कोठे आहोत हे यंत्राला कळते. पण त्याच्या पोटातील नकाशा फक्त जपानचा असतो. परिणामी पडद्यावरील मोटार कोऱ्या जागेत फिरताना दिसते. सूचना जपानी भाषेत उमटतात. शोधण्याची रीतही तिकडचीच, दूरध्वनी क्रमांकावरून किंवा नकाशाच्या सांकेतिक अंकांवरून. कारण तेथील पत्ते रस्त्याच्या नावाने नव्हे, विभाग व गाळा यांच्या क्रमांकांनी ओळखले जातात. टोलनाक्याचे यंत्र, वाहतुकीची वार्ता देणारी सोय आणि दूरचित्रवाणी याही गोष्टी जपानबाहेर निरुपयोगी ठरतात. भाषा बदलून देतो, नवा नकाशा घालून देतो, असे सांगणारे कारागीर भेटतात. काही संचांत ते शक्यही असते. पण स्थानिक नकाशाची प्रत रीतसर घेतलेली आहे की चोरून उतरवलेली, हे विचारूनच पैसे द्यावेत.

येथे एक खाचखळगा आहे. काही जपानी संच बॅटरीची तार सुटताच कुलूपबंद होतात व संकेतांक मागतात. काहींतील नकाशाचे कार्ड काढले की संचच सुरू होत नाही. संकेतांक पूर्वीच्या मालकापाशी, आणि तो मालक जपानमध्ये! म्हणून बॅटरी बदलण्यापूर्वी किंवा कार्डाला हात लावण्यापूर्वी जाणकाराला विचारावे.

ज्यांना नीट सोय हवी, त्यांच्यासाठी तिसरा मार्ग म्हणजे मूळ संच काढून स्थानिक पट्ट्याचा नवा संच बसविणे. त्यात फोन जोडता येतो आणि फोनवरील नकाशा पडद्यावर दिसतो. मात्र मापे पाहावीत. जगभर रूढ असलेल्या दुहेरी उंचीच्या संचाची रुंदी १७८ मिलिमीटर असते, तर अनेक टोयोटा मोटारींत २०० मिलिमीटरची जागा असते. त्यामुळे वेगळी चौकट लागते. मागचा कॅमेरा, चक्रावरील बटणे, क्वचित वातानुकूलनाची बटणेही जुन्या संचाशी जोडलेली असतात. मूळ तारा कापू देऊ नयेत; जोडणीची तयार तार वापरावी, म्हणजे पुढे मोटार विकताना मूळ संच परत बसविता येतो. ज्यांना एवढा खर्च करायचा नाही, त्यांना एएम रेडिओ आणि फोन पुरतो. फोन मात्र काचेजवळ घट्ट बसवलेला असावा व नकाशा आधीच उतरवून घेतलेला असावा. न्यूझीलंडमध्ये गाडी चालवताना फोन हातात धरणे २००९ पासून कायद्याने निषिद्ध आहे.

एक गोष्ट सहसा राहून जाते. नकाशाच्या यंत्रात पूर्वीच्या मालकाचे घर, दुकान, नातलगांचे पत्ते साठलेले असतात. आपणही आपली मोटार विकताना किल्लीबरोबर आपला पत्ता देऊन मोकळे होतो. घेतल्यावर जुन्या नोंदी पुसाव्यात आणि विकण्यापूर्वी स्वतःच्या नोंदी आठवणीने पुसाव्यात.

तेव्हा सौदा ठरण्यापूर्वी विक्रेत्याला चार प्रश्न विचारावेत. रेडिओ कोणत्या आकड्यापर्यंत जातो? संचाचा संकेतांक व कार्ड मिळेल काय? कॅमेरा आणि बटणे त्या संचावर अवलंबून आहेत काय? संच बदलायचा झाल्यास एकूण खर्च किती? उत्तरे लेखी घ्यावीत आणि तो खर्च मोटारीच्या किमतीत मिळवून मग भाव बोलावा. आणि आपल्यापैकी जे आप्त तिकडे मोटारींचाच व्यापार करतात, त्यांनी ही माहिती गिऱ्हाइकाने विचारण्याआधी द्यावी. ‘सगळे चालू आहे’ हे वाक्य जपानपुरते खरे आणि नैरोबीत खोटे असेल, तर ते अर्धसत्यच होय. कमी किमतीत घेतलेली मोटार गिऱ्हाईक विसरते. न सांगितलेला दोष ते विसरत नाही.