फुटाळ्याचा निकाल आणि महालातले वाडे

नागपूरचा फुटाळा तलाव मानवनिर्मित आहे, म्हणून २०१७च्या पाणथळ नियमांत तो बसत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला. तलावात काहीही उभारायला मोकळीक मिळाली, असा त्याचा अर्थ कोणी काढत असेल तर त्याने निकाल पूर्ण वाचावा. सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व मानवनिर्मित तलावालाही लागू आहे, हे त्याच निकालात आहे. तलावात कायमस्वरूपी बांधकाम नको, हे उच्च न्यायालयाने आधीच बजावले होते.

पण तलाव वाचवायला नागपूरकरांना दर वेळी कोर्टाची पायरी का चढावी लागते? भोसल्यांनी १७९९ मध्ये बांधलेला हा तलाव शहराच्या वारसा यादीत आहे. तरीही तिथे कारंजे, प्रेक्षक दीर्घा, तरंगते उपाहारगृह यांचे बेत आखले गेले. कारण उघड आहे. यादीत नाव घालून वारसा वाचत नाही. त्या जमिनीचा आणि भोवतालच्या जमिनीचा वापर विकास आराखड्यात बांधून टाकावा लागतो. ते नागपुरात धडपणे झालेलेच नाही.

एम्प्रेस मिल आठवा. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेल्या, या शहराला कामगारांचे शहर बनवणाऱ्या गिरणीच्या जागेवर आज मॉल आहे. जमिनीचा वापर बदलला आणि इतिहास पुसला गेला. शहरातल्याच अंबाझरी तलावाच्या सांडव्यासमोर स्मारक उभारताना पाणी कुठून जाणार, याचा विचार कोणी केला होता? २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे घराघरांत शिरलेल्या पाण्याने तो प्रश्न विचारला.

महाल या जुन्या वस्तीतल्या वाड्यांची गोष्ट याहून बिकट. भाऊबंदकीत वाटे पडलेले, सागवानी खांब कुजत चाललेले, आणि दारात बिल्डर उभा. मालकाला ‘पाडू नका’ एवढेच सांगायचे आणि दुरुस्तीला छदामही द्यायचा नाही, हा अन्याय आहे. त्यावर उपाय नवा नाही. मुंबईच्या १९९५च्या वारसा नियमावलीत हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर (वाडा राखून त्यावरचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची मुभा), होता; राज्याच्या २०२०च्या एकत्रित नियमावलीतही आहे. अहमदाबादने पोळ म्हणवल्या जाणाऱ्या जुन्या वस्त्यांमधल्या घरमालकांसाठी हीच वाट धरली आणि २०१७ मध्ये ते जागतिक वारसा शहर झाले. महालातल्या किती वाडेमालकांच्या हाती असा टीडीआर पडला, हे महापालिकेने जाहीर करावे.

ताडोबा आणि पेंचला निघालेला पर्यटक नागपुरात एक रात्र काढतो आणि निघून जातो. त्याला थांबवायचे म्हणून कारंजी बांधली जातात. गांधी गेटपासून बडकस चौकापर्यंतचा जुना महाल त्याला कोणी दाखवत नाही, आणि आणखी दहा वर्षांनी दाखवायला उरणारही नाही. महाल आणि तलावांचे काठ विकास आराखड्यात वारसा क्षेत्र म्हणून आखा, तिथली उंची आणि वापर ठरवा, मालकाचा टीडीआर त्याच्या हाती द्या. वारसा समितीची परवानगी कोणत्याही निविदेआधी घ्या आणि ती लोकांसमोर ठेवा.